जहाजवाले भाऊजी

आमच्या पाऱ्यात, म्हणजे इकडच्या बोलीत मोहल्ल्यात, सगळ्यात मोठी गाडी ज्यांच्याकडे होती, त्यांना जग जन्मभर ड्रायव्हर समजत आलं, आणि त्यांनी एकदाही कोणाची चूक दुरुस्त केली नाही. उलट कोणी त्यांना मोठा माणूस समजलं, तर मात्र ते जागच्या जागी थांबून खुलासा करायचे.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हाची गोष्ट. रोज नवा मंत्री, नवा सचिव. कोण कोणत्या गाडीत बसून चाललाय, पोलिसांनाही पत्ता नसायचा. लांबलचक गाडी दिसली की त्यांचा हात आपोआप कपाळाकडे जायचा. एकदा शंकर नगरच्या चौकात एका शिपायाने भाऊजींच्या गाडीला असा कडक सलाम ठोकला, की मागच्या सीटवर बसलेली मी उगाच पदर सावरून बसले. भाऊजींनी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि त्याला म्हणाले, "भैया, अंदर कोई नहीं है. मैं ही हूँ." शिपाई गोंधळला. गाडी पुढे निघाल्यावर भाऊजी मला म्हणतात कसे, "वहिनी, बिचाऱ्याचा सलाम वाया जाऊन राहिला होता. उन्हात उभा आहे तो." मी म्हटलं, "आणि मी कोणी नाही का आत बसलेली?" तर म्हणाले, "तुम्ही घरच्या आहा. तुमची मोजणी नाही."

त्यांना आम्ही जहाजवाले भाऊजी म्हणायचो. पोरांनी त्या गाडीला जहाज म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. सिंचाई विभागात नकाशे काढायच्या कामावर होते. आमचे हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. दोघंही मूळचे वर्ध्याकडचे, आणि परक्या मुलखात तेवढं नातं पुष्कळ होतं. भाऊजींनी लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले, धाकट्या दिनूला त्यांनीच शिकवलं, आपल्याच खात्यात चिकटवलं, त्याचं लग्न लावलं. मग दिनू, त्याची बायको, त्यांची दोन पोरं आणि भाऊजी, असं ते भरलेलं घर होतं. संध्याकाळी त्या घरातून एवढा गोंगाट यायचा की आमचे हे खिडकी लावून रेडिओ ऐकायचे.

भोपाळचं राज्य वाटून रायपूरचं वेगळं झालं तेव्हा माणसंही वाटली गेली. कोणता कर्मचारी भोपाळला जाणार, कोणता रायपूरला राहणार, याच्या याद्या ऑफिसात लागल्या. एका ऑफिसातले दोन भाऊ, एक या यादीत, एक त्या यादीत. दिनूने भोपाळसाठी स्वतःहून अर्ज दिला होता, त्याच्या बायकोचं माहेर तिकडचं. पाऱ्यात सगळे म्हणायचे, मोठ्या भावाला न विचारता दिला म्हणून. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू. भाऊजी मात्र म्हणायचे, "पोट्ट्यायच्या शाळा तिकडे चांगल्या आहेत," एवढंच. ट्रक भरून सामान गेलं आणि त्या घरातला गोंगाट थांबला. मग आमच्या ह्यांनी कधी खिडकी लावली नाही. लावायची गरजच उरली नव्हती.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षात ती गाडी आली. शहराबाहेर उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत एका रोलिंग मिलच्या मालकाने नवी घेतली होती आणि जुनी शेडमध्ये लोखंडाच्या धुळीत उभी होती. एवढी जुनी परदेशी गाडी घ्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून ती नकाशे काढणाऱ्या माणसाच्या हाताला लागली. गर्द निळी, पुढचं तोंड हे एवढं लांब, आत लाकडाची पट्टी, चामड्याच्या सीटा. दार लावलं की 'धप्प' असा खोल आवाज यायचा, गोदरेजच्या कपाटासारखा खणखणाट नाही. सगळा पारा बघायला जमला. मी माझ्या स्वभावाप्रमाणे तोंडावरच विचारलं, "भाऊजी, एकट्या माणसाले एवढी मोठी गाडी काहून?"

"एकट्याले कुठी वहिनी?" त्यांनी बोटं मोजून दाखवली. "दिनू, त्याची बायको, दोन पोट्टे आणि मी. पाच झाले. लहान गाडीत पोट्ट्यायचे पाय दुमडते. सुट्टीत आले की सगळे एकाच गाडीत."

पहिल्या उन्हाळ्यात ते आले. पाचही जण राजिमला जाऊन आले, गंगरेलचं धरण बघून आले. पोरं खिडकीचं बटण दाबून दाबून काच वरखाली करत होती आणि भाऊजी नुसते हसत होते. दुसऱ्या वर्षी दोन दिवसच आले. मग पोरांचे क्लास सुरू झाले, मग परीक्षा, मग काय काय. गाडी मात्र पाच माणसांचीच राहिली.

तिची निगा राखणं हेच मग त्यांचं काम झालं. आमच्याकडे रायपूरला सकाळी उठलं की अंगणात, गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसलेली असते, उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांची. गाडीवरही बसायची. कोणी पोर कोरडं फडकं घेऊन मदतीला धावलं की भाऊजी ओरडायचे, "अरे थांब! आधी पाणी. भुकटी लोखंडाची आहे, कोरडी पुसशील तर ओरखडे काढशील." आधी पाण्याची धार, मग ओलं धोतराचं फडकं, मग सुकं. रोज. ही पद्धत मी माझ्या तुळशीवृंदावनाला आणि खिडक्यांना लावली, आजतागायत तीच आहे.

दुसरी त्यांची पद्धत याहून वेगळी. त्या गाडीचं काम कळणारा मिस्त्री तेव्हा रायपुरात नव्हताच म्हणा. बसस्टँडामागे एक म्हातारा मिस्त्री होता, तो हात लावायचा, पण घाबरत. मग भाऊजींनी नियम केला, उघडायच्या आधी काढायचं. म्हणजे कोणताही भाग खोलायचा असला की आधी त्याचा नकाशा. समोरून कसा दिसतो, वरून कसा दिसतो, प्रत्येक स्क्रूला नंबर. ऑफिसातला ट्रेसिंग पेपर, टोक काढलेल्या पेन्सिली, मोत्यासारखं अक्षर. खिडकीची मोटर बिघडली तेव्हा नकाशा काढायला दोन दिवस आणि मोटर बसवायला अर्धा तास लागला. मिस्त्री वैतागून म्हणायचा, "बाबूजी, अब मेरा भी नक़्शा निकाल लो, मरूँगा तो काम आएगा." एखादा रबराचा तुकडा मुंबईहून यायला तीन-तीन महिने लागायचे. तोवर गाडी उभी. कोणी म्हटलं "बंद पडली वाटते," तर त्यांना राग यायचा. "बंद नाही पडली. वाट पाहून राहिली आहे."

आणि सुरू असली की ती गाडी सगळ्या पाऱ्याची. कोणाच्या घरी लग्न असो, नवरदेवाची गाडी हीच. कोणाची सून बाळंतपणाला दवाखान्यात न्यायची, कोणाच्या सासऱ्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचं, भाऊजी हजर. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, केस चापून बसवलेले. गाडीतून उतरून मागचं दार उघडून उभे राहायचे. आता अशा माणसाला लोक काय समजणार? लग्नघरी पाहुणे विचारायचे, "मालक नाही आले?" तर हे म्हणायचे, "येतीन, येतीन." मी एकदा रागावले. "भाऊजी, सांगत काहून नाही की गाडी माझी आहे?" तर म्हणाले, "गाडी चालवते तो ड्रायव्हर. यात खोटं काय आहे?"

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती सांगताना आजही माझी मान खाली जाते.

आमच्या संजूसाठी गोंदियाची मुलगी सांगून आली. राईस मिलवाल्यांचं घर. आम्ही पार्सल ऑफिसवाले. बघायला रेल्वेनेच जाणार होतो, पण भाऊजी म्हणाले, "रेल्वेनं काय जाता, मी नेतो." गोंदियाला त्यांच्या फाटकासमोर गाडी थांबली आणि व्याही, म्हणजे तेव्हा व्हायचे होते, बाहेर आले. गाडीभोवती एक चक्कर मारून आमच्या ह्यांना म्हणाले, "साहेब, गाडी मोठी झोकात आहे तुमची!"

आमचे हे खोकले. एकदा भाऊजींकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि म्हणाले, "हो... घरचीच आहे."

मी तोंड उघडणारच होते. तेवढ्यात भाऊजींनी मागच्या सीटवरून माझी पर्स काढली आणि दोन्ही हातांनी पुढे करत म्हणाले, "बाईसाहेब, पर्स राहिली तुमची."

बाईसाहेब! मला! ज्या माणसाने माझ्या हातची शिळी भाकरी ताकासोबत मागून खाल्ली, त्याने. मी पर्स घेतली. आम्ही आत कांदेपोहे खाल्ले, मुलगी पाहिली. भाऊजी बाहेर कडुलिंबाखाली गाडीला टेकून उभे होते. त्यांच्यासाठी चहा बाहेर गेला, स्टीलच्या पेल्यात. आमचा कपबशीत होता.

येताना गाडीत आमच्या ह्यांनी "भाऊ, मी जरा..." असं सुरू केलं, तर भाऊजींनी मधेच तोडलं. "तुम्ही खोटं बोलले नाही, मीबी बोललो नाही. पोट्टी चांगली आहे. पक्कं करा."

लग्नात तर कहरच झाला. मांडवामागे ड्रायव्हर लोकांची पंगत बसली, त्यात हे बसले. मी वाढप बघायला म्हणून मागे गेले तर समोरच. पत्रावळीवर मान खाली घालून जेवत होते, शेजारच्या ट्रकवाल्याशी टायरबद्दल काहीतरी बोलत होते. मला पाहून फक्त डोळ्यांनी सांगितलं, जा पुढे. मी गेले. विहीणबाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि सगळ्यांकडे पाहून हसले. निघताना व्याह्यांनी आठवणीने "तुमच्या ड्रायव्हरसाठी" म्हणून शर्टपीस दिलं, कॉफी रंगाचं. मला वाटलं, भाऊजी ते कोणाला तरी देऊन टाकतील. त्यांनी ते शिवून घेतलं. आणि पुढे व्याही रायपूरला आले की त्यांना घ्यायला स्टेशनवर तोच शर्ट घालून जायचे.

आमच्या सुनेला, रश्मीला, सगळा प्रकार आठवड्यातच कळला. गाडी तिसऱ्या घरापुढे उभी राहते हे काय लपणार? ती आधी हसली, मग गंभीर झाली. "मम्मी, पापा ने तो पूरे गोंदिया में बता दिया है," म्हणाली. "अब आप ही बताइए उनको." आमचे हे म्हणाले, "राहू दे, नातं नवीन आहे." नातं जुनं झालं, नातू झाला, नातू शाळेत गेला, पण सांगायचं राहिलंच. व्याही वर्षातून तीन-चारदा यायचे. माणूस दिलदार. नातवासाठी फरसाण, माझ्यासाठी नवा तांदूळ, आणि न चुकता भाऊजींसाठी काहीतरी, कधी मोजे, कधी मफलर. येण्याची चिठ्ठी, पुढे फोन, आला की भाऊजींना माझ्याआधी खबर असायची. "वहिनी, व्याही येऊन राहिले म्हणे बुधवारी. गाडी धुतो." स्टेशनवरून घरी आणल्यावर बॅगा आत ठेवायचे आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी स्टुलावर बसून चहा घ्यायचे. नातू त्यांच्या मांडीवर. आत व्याही आणि आमचे हे राजकारणावर भांडायचे, आणि भाऊजी स्टुलावरून मला हळूच सांगायचे, कोण चुकीचं बोलतो ते.

मधे दिनूच्या मोठ्या मुलाचं भोपाळला लग्न ठरलं. भाऊजींनी महिनाभर आधीपासून गाडीची तयारी केली. चारही टायर बदलले, पट्टे बदलले, मिस्त्रीला तीनदा बोलावलं. नवरदेव याच गाडीत बसणार म्हणून पुढे लावायची फुलांची माळ कशी बांधायची, त्याचाही नकाशा काढला. हो, माळेचा! मग पुतण्याचा फोन आला. मी तिथेच होते, त्यांना लाडू द्यायला गेले होते. पलीकडचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होता. "ताऊजी, इतनी पुरानी गाड़ी लेकर इतनी दूर क्यों आओगे? ट्रेन से आ जाइए ना. यहाँ गाड़ी का इंतज़ाम हो गया है." भाऊजी म्हणाले, "हव बेटा. ठीक है." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "बरोबरच आहे. रस्त्यात काही झालं तर लग्नात खोळंबा." ट्रेनने गेले, ट्रेनने आले. मी विचारलं, "कसं झालं लग्न?" तर म्हणाले, "चांगलं झालं. नवरदेवाची गाडी पांढरी होती."

मग आमचे हे गेले. आता माझ्यापाशी काही सबब उरली नाही. वर्षभर मी मनाशी घोकत राहिले आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी ठरवूनच टाकलं. व्याही-विहीण आले होते, पाऱ्यातले सगळे होते. पंगत बसली. भाऊजी नेहमीप्रमाणे ताट घेऊन मागच्या ओसरीकडे निघाले. मी जाऊन त्यांच्या हातातलं ताट घेतलं, त्यांचा हात धरून त्यांना व्याह्यांच्या शेजारच्या पाटावर बसवलं, आणि सगळ्यांसमोर बोलले. "व्याहीबुवा, हे आमचे ड्रायव्हर नाहीत. ते मला भावासारखे आहेत. गाडी त्यांची आहे. आम्ही त्या दिवशी बोललो नाही, आणि यांनी आमची लाज राखली. इतकी वर्षं."

कालवलेला भात तसाच ठेवून व्याही पानावरून उठले. डोळ्यात पाणी. वाकून भाऊजींच्या पाया पडायला लागले. "साहेब, मले माफ करा. मी तुमच्या हाती बॅगा दिल्या." भाऊजी त्यांचे खांदे धरून "अहो, काय करता, काय करता" करत होते. जेवणानंतर व्याह्यांनी आपल्या अंगावरची शाल काढून त्यांना घातली. सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू, वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेली पाटी कोणी उतरवून घ्यावी तसं.

भाऊजी पान अर्धं टाकून उठले, हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, गहिवरले असतील.

पुढच्या वेळी व्याह्यांचा फोन आला तेव्हा तेच म्हणाले, "साहेबांले तकलीफ देऊ नका बरं का. आम्ही येतो आमच्या हातानं." रश्मीने मोबाइलवर टॅक्सी बोलावली. त्याच्या पुढच्या वेळीही टॅक्सीच. वर्षश्राद्धाची ती हकीकत पाऱ्यात फिरली होती आणि सगळ्यांनाच आपापली लाज वाटू लागली होती. गाडी मागायला कोणी जाईना. "एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, त्याले ड्रायव्हरकी करायला कसं सांगायचं?" लग्नाच्या पत्रिका यायच्या, पण सहकुटुंब सहपरिवार येण्याच्या. भाऊजी जायचे, सोफ्यावर बसायचे, लोक त्यांना आधी सरबत द्यायचे, आणि पंधरा मिनिटांत ते घरी. आमच्याकडेही तेच. मी त्यांना स्वयंपाकघरापाशी येऊ दिलं नाही, समोरच्या खोलीत बसवलं, कपबशीत चहा दिला. स्टूल मी गच्चीवर टाकलं होतं, त्यांना परत त्यावर बसायला लागू नये म्हणून.

एक दिवस मी त्यांच्या अंगणावरून भाजीला निघाले होते. ते गाडीवर पाणी टाकत होते. "व्याही आले म्हणे काल?" त्यांनी विचारलं.

"हो. टॅक्सीनं आले."

"असं." फडकं पिळलं, परत भिजवलं, परत पिळलं. "वहिनी, तुम्ही त्या दिवशी सगळ्यायसमोर काहून सांगितलं?"

मी म्हटलं, "खरं होतं ते भाऊजी. किती वर्षं मनात टोचून राहिलं होतं."

"तुमचं टोचणं गेलं. चांगलं झालं." माझ्याकडे न बघता ते बॉनेट पुसत राहिले. "पण ड्रायव्हरले बोलावणं येते वहिनी. मालकाले कोण बोलावते?"

मी पिशवी घेऊन तशीच घरी परतले. भाजी आणली नाही त्या दिवशी.

त्याच सुमारास संजूची नोकरी पुण्याला लागली. तो, रश्मी, नातू, सगळे गेले, आणि व्याह्यांना रायपूरला यायचं कारण उरलं नाही. आता आमच्याही घरातून आवाज येईना. पाच-सहा दिवस मी त्या शांततेत काढले आणि एका गुरुवारी सकाळी उठून भाऊजींच्या दारात जाऊन उभी राहिले. "भाऊजी, माझी मावसबहीण येऊन राहिली दुपारच्या गाडीनं. नागपूरहून. स्टेशनवर जायला पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "किती वाजता?"

"एक वाजता."

"हव. बारा वाजता काढतो गाडी."

नागपूरची गाडी आली, माणसं उतरली, रिकामी झाली. मावसबहीण काही आली नाही, कारण ती येणारच नव्हती. भाऊजी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात येईल." पुढच्या गुरुवारी मी परत गेले. त्यांनी विचारलं, "आज कोणाले आणायचं आहे?"

"मावसबहीणच."

"तिले तर मागच्या आठवड्यात आणायला गेलो होतो."

"ती आलीच नाही ना मग!"

"हे बी बरोबर आहे," म्हणाले, आणि आत इस्त्रीचा शर्ट घालायला गेले.

असं दर गुरुवारी. कधी मावसबहीण, कधी नणंदेचे दीर, कधी अमरावतीचे कोणी. आम्ही स्टेशनच्या आवारात गाडी लावून बसायचो, मी मागे, ते पुढे. शेंगा खायचो. सुटलेल्या गाड्यांची नावं ऐकायचो. सामान घेऊन धावणाऱ्या माणसांवर टीका करायचो. तिथेच एकदा ते आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "पाऱ्यातले लोक दिनूले नावं ठेवतात ना, न विचारता अर्ज दिला म्हणून? तो अर्ज मी लिहिला आहे. त्याचं अक्षर वाईट. मले म्हणाला, दादा, तू लिहून दे, तू नाही म्हटलं तर नाही देत. मी लिहून दिला."

"मग सांगितलं काहून नाही कोणाले?"

"मले वाटलं होतं, यादीत नाव लागणार नाही."

इतकंच. मग त्यांनी शेंगांची टरफलं कागदात गोळा केली, काच पुसली आणि गाडी सुरू केली.

सव्वा वर्षाच्या वर चाललं हे. मग पौषात एका सकाळी भाऊजी उठले नाहीत. झोपेतच गेले. दिनू भोपाळहून आला, पोरं आली, सगळे कोणत्या कोणत्या गाड्या करून आले. तेरवीच्या आधीच पुतण्याने जहाज विकत घ्यायला माणूस ठरवला, भिलाईचा, लग्नात गाड्या भाड्याने देणारा. मिस्त्री आला होता, त्यानेच त्या माणसाला नकाशांची अख्खी गुंडाळी दिली आणि बजावलं, "इसके बिना गाड़ी को हाथ मत लगाना."

तेरवीची माणसं जेवून गेल्यावर दिनू ओसरीत एकटाच बसला होता. केस पांढरे झाले होते त्याचे, बसायची ढब अगदी भाऊजींची. मी त्याला चहा नेऊन दिला. खरं सांगते, या माणसाला एकदा समोर बसवून काय काय बोलायचं, ते मी कितीतरी वर्षं ठरवून ठेवलं होतं. अर्जाचं कळल्यावर त्यातलं अर्धं गेलं, तरी अर्धं होतंच. पेला हातात धरून त्याने मला विचारलं, "वहिनी, दादा खूप एकटा पडला होता का हो?"

"एकटे?" मी म्हटलं. "त्यांना वेळ कुठं होता रे दिनू? आमच्याच कामातून त्यांना फुरसत नसायची. दर गुरुवारी स्टेशनवर जावं लागायचं, आमच्या पाहुण्यांना आणायला."

त्याने चहाचा एक घोट घेतला. मग त्याचे खांदे जरा सैल झाले. "इतके पाहुणे येतात तुमच्याकडे?"

"खूप," मी म्हटलं. "सारखे येतच असतात."